रोजच्या चहाची पारख: एकच पाणी, एकच माप

चहाच्या जुन्या दुकानात सुटा चहा मागितला की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "कडक देऊ की वासाचा?" नुकतेच वेगळे घर मांडलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण लहानपणापासून समोर येत गेलेल्या पेयाला तो नुसता 'चहा' एवढेच म्हणत आलेला असतो. हा लेख अशा वाचकासाठी आहे. बाजारात सहज मिळणारे चार-पाच प्रकारचे चहा घरीच शेजारीशेजारी मांडून कसे चाखावेत, त्यांच्यातला फरक कोणत्या शब्दांत टिपावा आणि त्यांपैकी कोणता चहा कोणत्या रीतीने करावा, एवढाच त्याचा विषय आहे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. दोन चहांमधला जो फरक आपण पुडीवरच्या नावाच्या माथी मारतो, त्यातला बराचसा खरे तर पाण्याचा, मापाचा आणि आचेवर गेलेल्या मिनिटांचा असतो, आणि या तिन्ही गोष्टी सारख्या केल्याशिवाय कोणत्याही पुडीला बरे किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही.

पुडीत नेमके काय असते

चहाचे झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य वाण दोन: लहान पानांचा चिनी वाण आणि मोठ्या पानांचा आसामी वाण. काळा चहा, हिरवा चहा आणि ऊलाँग ही निरनिराळी झाडे नसून, खुडलेल्या पानाचे पुढे काय केले यावरून पडलेली नावे आहेत. चिरलेले वांगे उघडे राहिले की जसे काळवंडते, तसेच चुरगळलेले चहाचे पान हवा लागताच तांबूस होऊ लागते. ही क्रिया पूर्ण होऊ दिली तर काळा चहा तयार होतो, अर्ध्यावर थांबवली तर ऊलाँग, आणि वाफेने किंवा तापलेल्या कढईत परतून ती आरंभीच रोखली तर हिरवा चहा. आपण ज्याला 'साधा चहा' म्हणतो तो काळ्या चहातच मोडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातला चहा बहुतेक वेळा सीटीसी पद्धतीचा असतो. या पद्धतीत पान उलट्यासुलट्या फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून जाते, तेथे ते चिरडले जाते, फाटते आणि गुंडाळले जाऊन त्याचे लहान, टणक दाणे होतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली आणि आज भारतात तयार होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग याच रीतीने होतो. या दाणेदार चहाला काही दुकानांत 'ममरी' म्हणतात. दाणे चाळल्यावर निघणारी अगदी बारीक पूड ती 'डस्ट'. नावावरून ती झाडून काढलेली धूळ असावी असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. डस्ट हाही त्याच पानाचा एक प्रतवार भाग आहे. कण बारीक असल्यामुळे पाण्याला भिडणारा त्याचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि किलोमागे कपही अधिक निघतात. टपरीवाले आणि हॉटेलवाले डस्टला पसंती देतात, त्याचे कारण हेच.

याउलट पान फार न फाडता वळून, सुकवून केलेल्या चहाला व्यापारात ऑर्थोडॉक्स म्हणतात आणि आपण घरात 'पत्तीचा चहा' म्हणतो. दार्जिलिंग आणि नीलगिरीचे नावाजलेले चहा बहुधा याच घडणीचे असतात, जरी नीलगिरीत दाणेदार चहाही पुष्कळ होतो. पत्ती रस सावकाश सोडते, उकळी तिला मानवत नाही आणि तिचा खरा गुण वासात असतो. दाणेदार चहा आणि पत्ती यांतला हा फरक एकदा नीट समजला की दुकानदाराच्या "कडक की वासाचा" या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

तयारी

पहिल्या चाचणीसाठी पाच प्रकार पुरेत: आसामचा दाणेदार चहा, त्याच दुकानातील डस्ट, नीलगिरीची पत्ती, दार्जिलिंगची पत्ती आणि कोणताही साधा, लिंबू-मध न मिसळलेला हिरवा चहा. प्रत्येकी ५० ग्रॅम घ्यावेत, कारण न आवडलेला पाव किलो चहा संपवणे ही घरातल्या सर्वांनाच शिक्षा होते. दार्जिलिंग महाग असतो आणि त्या नावाखाली इतर चहाही खपवला जातो, म्हणून तो सुटा न घेता बंद पाकिटातला, टी बोर्डाचे दार्जिलिंगचे बोधचिन्ह छापलेला घ्यावा. भारतात भौगोलिक मानांकन मिळवणारा पहिला माल हाच, आणि ते वर्ष २००४ होते. पाकिटावर 'फर्स्ट फ्लश' किंवा 'सेकंड फ्लश' लिहिलेले असते तेही पाहून ठेवावे. पहिले म्हणजे मार्च-एप्रिलची खुडणी आणि दुसरे म्हणजे मे-जूनची. या दोघांच्या चवीत इतके अंतर असते की एकावरून दुसऱ्याची कल्पना येत नाही.

साधने म्हणून आतून पांढरे असलेले सारख्या आकाराचे कप, झाकण्यासाठी बशा, एक बारीक गाळणी, घड्याळ, वही आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. कप पांढरेच हवेत, कारण रंगीत कपात चहाचा रंग कळत नाही. काटा घेण्याचा आळस मात्र करू नये. मी पहिल्यांदा असे चहा मांडले तेव्हा प्रत्येकी एक चमचा चहा घेतला, आणि डस्ट फारच कडक व दार्जिलिंग अगदीच पाणचट असा निकाल देऊन मोकळा झालो. पुढे काट्यावर घातल्यावर कळले की बारीक पूड चमच्यात दाबून बसते, तर पत्तीच्या काड्यांमध्ये हवाच जास्त असते. त्याच चमच्यात डस्टचे वजन पत्तीपेक्षा कितीतरी अधिक भरले होते, तेव्हा तो निकाल चहाचा नव्हताच, तो चमच्याचा होता.

पाणी

कपातला जवळजवळ सगळा ऐवज पाणीच असतो, तरी चहा बिघडला की आपण पुडीला बोल लावतो. क्षार जास्त असलेल्या, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो त्या बोअरवेलच्या पाण्यात चहा केला तर रंग मळकट येतो, वास दबतो आणि कोरा चहा थोडा थांबला की त्यावर तपकिरी, चकाकणारा तवंग धरतो. हा तवंग म्हणजे भेसळ नसून पाण्यातील कॅल्शियम आणि चहातील द्रव्ये यांचा संयोग असतो. हे पडताळण्यासाठी एकच चहा एका कपात बोअरच्या आणि दुसऱ्यात नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्यात करून पाहावा. दोन्ही कप खिडकीपाशी धरले तर एकाच पुडीतून ते निघाले आहेत यावर विश्वास बसत नाही. गावाकडून आवडीने आणलेला चहा शहरात 'तसा लागत नाही' अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. चाचणीसाठी कोणते पाणी घ्यावे, तर रोज जे वापरता तेच, मात्र सर्व कपांना एकच.

पाणी किती तापते यातही स्थानाचा वाटा असतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि दर ३०० मीटर चढाला हा आकडा साधारण एका अंशाने खाली येतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच खळखळू लागते. दुधाच्या उकळलेल्या चहात हा फरक कोणाला कळणार नाही. नुसत्या पाण्यात मुरवलेल्या काळ्या चहाला मात्र उंचावर मिनिटभर जास्त द्यावे लागते.

पहिली फेरी: कोरा चहा

रोज दुधाचाच चहा पिणाऱ्यानेही चाचणीचा आरंभ कोऱ्या चहाने करावा, कारण दूध आणि साखर यांच्या पांघरुणाखाली दोष आणि गुण दोन्ही झाकले जातात. चहा चाखण्यासाठी मुद्दाम आखलेले एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३. ते १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजे उकळते पाणी आणि सहा मिनिटे हे त्याचे सार आहे. चहा कसा करावा याविषयीच्या ब्रिटिश मानक संस्थेच्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळाले होते, पण ज्याने कधी दोन चहांची खरोखर तुलना करून पाहिली आहे त्याला त्यात फारसे हसण्याजोगे काही सापडणार नाही. हे मानक उत्तम चहा करण्याची कृती सांगत नाही. सर्व चहांना एकाच तराजूत घालता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

घरी हे असे करावे. प्रत्येक कपात ३ ग्रॅम चहा घालून कप एका ओळीत मांडावेत, समोर चिठ्ठ्या ठेवाव्यात, पाणी खळखळून उकळताच प्रत्येक कपात १५० मिलिलिटर ओतावे, लगेच बशीने झाकावे आणि सहा मिनिटांनी त्याच क्रमाने दुसऱ्या कपांत गाळून घ्यावे. कप पाच असतील तर पहिल्या आणि शेवटच्या ओतण्यात अर्धे मिनिट जाते. गाळतानाही तोच क्रम पाळला तर ते अंतर आपोआप फिटते. चोथा टाकून देऊ नये, तो त्या त्या कपाच्या बशीत काढून ठेवावा. भिजलेल्या पानाचा वास कपातल्या पाण्यापेक्षाही स्पष्ट असतो, आणि पत्तीच्या चहात पान उलगडून अख्खे दिसते की नुसता चुरा आहे हेही तेथेच कळते.

चहा कोमट होईपर्यंत थांबावे, कारण चटका बसणाऱ्या घोटाची चव जिभेला लागत नाही. नंतर चमच्याने थोडा चहा घेऊन भुरका मारावा. लहानपणी ज्या आवाजासाठी आपण बोलणी खाल्ली, तोच आवाज चहाचे व्यावसायिक परीक्षक दिवसभर करत असतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचा फवारा तोंडभर पसरतो आणि वास घशाच्या मागून नाकापर्यंत पोहोचतो. आधी सौम्य चहा घ्यावेत आणि डस्ट सर्वांत शेवटी. दोन चहांच्या मध्ये साध्या पाण्याची चूळ भरावी.

आता शब्दांविषयी, कारण नवख्याची अडचण जिभेपेक्षा शब्दांची अधिक असते. 'कडक' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली गोष्ट कडवटपणा, जो मेथीच्या दाण्यासारखा जिभेच्या मुळाशी रेंगाळतो. दुसरी तुरटपणा. ही खरे तर चव नसून स्पर्श आहे, कच्चा आवळा किंवा जांभूळ खाल्ल्यावर गालांच्या आतली बाजू आवळल्यासारखी होते तसा. तिसरी भरीवपणा, म्हणजे तोंडात द्रवाचे वजन जाणवणे, पातळ ताक आणि सायीसकट दूध यांत जो फरक असतो तसा. भरीव चहा कडवट असेलच असे नाही, आणि अतिशय तुरट चहा अगदी पातळही असू शकतो. वहीत 'कडक' असे लिहून पुढे जाण्याऐवजी हे तीन रकाने वेगळे ठेवावेत आणि चौथा रकाना वासाला द्यावा.

कोणत्या कपात काय सापडते

आसामचा दाणेदार चहा ब्रह्मपुत्रेच्या सखल, दमट खोऱ्यात वाढलेल्या मोठ्या पानांचा असतो. त्याचा रंग गडद तांबूस, द्रव भरीव, आणि वासात भाजलेल्या धान्याची छटा असते. इंग्रजीत तिला 'मॉल्टी' म्हणतात, पण ज्याने नाचणीचे सत्त्व शिजताना हुंगले आहे त्याला ती छटा आणखी समजावून सांगण्याची गरज नाही. डस्टमध्ये हेच सगळे अधिक तीव्र आणि अधिक उतावळे असते. सहा मिनिटांत तो कप बिनदुधाचा पिणे कठीण जाते, पण ते त्याचे काम नव्हेच.

एक गंमत पाहण्यासाठी आसामचा गाळलेला कप न पिता तासभर तसाच ठेवावा. गार झाल्यावर तो गढूळ, जवळजवळ दूध पडल्यासारखा दिसू लागतो. चहातील रंगद्रव्ये आणि कॅफीन एकमेकांना धरून बसल्यामुळे हे होते, आणि परीक्षक याला दोष न मानता चहा दमदार असल्याची खूण मानतात. नीलगिरीचा कप मात्र गार झाल्यावरही बराच स्वच्छ राहतो. म्हणून बर्फ घालून लिंबाचा थंड चहा करायचा असेल तर नीलगिरी घ्यावा. नीलगिरीची चव मोकळी, हलकी आणि किंचित फुलांच्या वासाची असते. पुष्कळांना ती पहिल्या घोटात 'साधी' वाटते, आणि मी नवख्याला एकच पत्तीचा चहा घ्यायला सांगायचा झाला तर हाच सांगेन, कारण तो दोन-तीन मिनिटे जास्त मुरला तरी रागावत नाही आणि खिशालाही झेपतो.

दार्जिलिंग रागावतो. फर्स्ट फ्लशचा रंग फिका सोनेरी, हिरव्याकडे झुकणारा असतो, कारण त्यात पान तांबूस होण्याची क्रिया पूर्ण झालेली नसते. असा फिका कप पाहून 'उतरलाच नाही' म्हणून तो आणखी मुरवत ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रंग तर वाढत नाही आणि तुरटपणा तेवढा वाढतो. सेकंड फ्लशचा कप अधिक तांबूस असतो आणि त्यात पिकलेल्या मस्कत द्राक्षांची आठवण देणारा वास असतो. कोवळ्या पानांना तुडतुडे लागले की झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये तयार करते, त्यांचा या वासात वाटा असतो असे मानले जाते. आपल्याकडे कापसावर किंवा आंब्यावर तुडतुडे दिसले की शेतकऱ्याची झोप उडते, आणि तिकडे त्याच कुळातल्या किडीमुळे पानाला भाव मिळतो.

हिरवा चहा या फेरीत हटकून हरतो, कारण उकळत्या पाण्याचे सहा मिनिटे त्याला सोसत नाहीत. तो वेगळा करून पाहावा: २ ग्रॅम चहा, १५० मिलिलिटर पाणी, सुमारे ८० अंश तापमान, दोन मिनिटे. तापमापक नसेल तर तीन भाग उकळते आणि एक भाग साधे पाणी एकत्र करावे, म्हणजे तापमान ८० च्या जवळपास येते. 'ग्रीन टी कडूच असतो' असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो उकळत्या पाण्यात, पिशवी कपातच ठेवून केलेला असतो. योग्य रीतीने केलेल्या हिरव्या चहात उकडलेल्या कोवळ्या मटाराची किंचित गोडी येते. चिनी पद्धतीचा, कढईत परतलेला हिरवा चहा थोडा भाजल्यासारखा लागतो आणि जपानी पद्धतीचा, वाफवलेला, अधिक हिरवट. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यातही चांगला हिरवा चहा होतो.

रोज पिण्यासाठी कोरा चहा करताना चाचणीचे कठोर माप अर्थातच सोडून द्यावे. कपाला २ ग्रॅम पुरतात. दाणेदार चहाला दोन ते तीन मिनिटे, नीलगिरीला चार, दार्जिलिंगला तीन. मग गाळून चोथा वेगळा करावा, तो कपात राहू देऊ नये.

दुसरी फेरी: दुधाचा चहा

आता आपल्या नेहमीच्या चहाकडे यावे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, म्हणून दूध घातल्यावर तुरटपणा कमी होतो आणि मागे भरीवपणा, रंग आणि भाजका वास उरतो. यावरून कोणता चहा दुधाचा आणि कोणता बिनदुधाचा हे जवळजवळ ठरून जाते. ज्याच्याकडे तुरटपणा आणि जोर भरपूर आहे, तो दुधात घातल्यावर सुधारतो, आणि ज्याचे सारे भांडवल नाजूक वासात आहे, त्याच्या हाती दुधानंतर काही उरत नाही. दार्जिलिंग दुधात उकळणे म्हणजे पैठणीचे पायपुसणे करणे होय. एवढे तीव्र मत मी चहाच्या बाबतीत दुसरे कोणतेही बाळगत नाही.

या फेरीत पुड्या बदलण्याआधी एकाच पुडीवर मिनिटांचा प्रयोग करावा. तीन पातेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी उकळून त्यात आसामच्या दाणेदार चहाचे ५ ग्रॅम घालावेत. पहिले पातेले मंद आचेवर एक मिनिट, दुसरे तीन मिनिटे आणि तिसरे सहा मिनिटे उकळावे. प्रत्येकात १०० मिलिलिटर गरम दूध घालून एकच उकळी येऊ द्यावी आणि गाळावे. येथे एक सापळा आहे. सहा मिनिटांत पाणी बरेच आटते आणि तो चहा कमी भरतो, म्हणून त्याचा कडकपणा काही अंशी नुसत्या आटण्याचा असतो. गाळल्यावर तिन्ही चहा मापात ओतून पाहावेत आणि कमी भरलेल्यात गरम पाणी घालून ते सारखे करावेत, मगच चाखावेत. एक मिनिटाच्या चहात वास असतो पण दुधाचा वरचष्मा राहतो. सहा मिनिटांच्या चहात रंग आणि कडवटपणा असतो, पण वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात गेलेला असतो. माझ्या जिभेला तीन मिनिटे बरोबर वाटतात. टपरीवरच्या कटिंगची सवय असलेल्या माझ्या घरच्यांनी मात्र एकमताने सहाला कौल दिला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही.

दूधही एकच ठेवावे. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के, आणि म्हशीच्या निरश्या दुधात बहुधा त्याहूनही जास्त. दाट दुधात नीलगिरी दिसेनासा होतो आणि डस्टसुद्धा सौम्य वाटते. घरी म्हशीचे दूध येत असेल तर आसाम किंवा आसाम-डस्ट यांचे मिश्रण घ्यावे. टोन्ड दूध असेल तर थोडा नीलगिरी मिसळायला हरकत नाही. साखरेचेही तसेच. ती कडवटपणा झाकते, म्हणून चाचणीच्या कपांत एक तर मुळीच घालू नये किंवा प्रत्येक कपात तोलून ५ ग्रॅम घालावी.

चहा करण्याच्या रीतींतही दोन घराणी आहेत असे म्हणता येईल. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि चहा एकत्र उकळतात. त्यामुळे चहा एकजीव आणि गोडसर होतो आणि बारीक पूडच तेथे शोभते. इराणी हॉटेलांच्या रीतीत चहाचा अर्क वेगळा, मंद आचेवर झाकून धरलेला असतो आणि आटवलेले दूध वेगळे. दोन्ही कपात एकत्र येतात, त्यामुळे चहाची चव आणि दुधाची चव वेगवेगळी ओळखू येते. घरी दोन्ही रीती एकाच पुडीवर करून पाहाव्यात. पुडी बदलल्याने पडणार नाही इतका फरक पडतो.

आले, गूळ आणि गवती चहा

तुलना पूर्ण होईपर्यंत हे सर्व दूर ठेवावे. नंतर घालताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताज्या आल्यात प्रथिने फोडणारे एक विकर असते आणि कच्चे आले थेट दुधात पडले तर दूध फाटू शकते. म्हणून आले ठेचून आधी पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळून उकळावे, म्हणजे उष्णतेने ते विकर निष्प्रभ होते. गुळाचा चहा फाटतो तो बहुधा गुळातील किंचित आंबटपणामुळे आणि गूळ घातल्यावर पुन्हा उकळी आणल्यामुळे. गॅस बंद केल्यावर चिरलेला गूळ घालून ढवळावे आणि पातेले परत आचेवर चढवू नये. गुळाच्या स्वतःच्या चवीपुढे हलका चहा टिकत नाही, त्याला आसामच हवा.

गवती चहा नावाने चहा असला तरी ते गवत आहे. त्याच्या लिंबासारख्या वासाचे कारण सिट्राल हे सुगंधी द्रव्य, जे लिंबाच्या सालीतही असते. परसातली तीन-चार पाती कात्रीने कापून, चहा घालण्याच्या मिनिटभर आधी पाण्यात टाकावीत आणि पातेले झाकावे. झाकण नसेल तर वास घरभर जातो आणि कपात कमी येतो. नीलगिरीबरोबर गवती चहा चांगला जुळतो. दार्जिलिंगबरोबर घालू नये.

तपासणी आणि साठवण

सुटा चहा घेतला असेल तर दोन सोप्या तपासण्या अन्नसुरक्षा प्राधिकरणही सुचवते. गाळणकागदावर थोडा चहा पसरून त्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत, मग चहा काढून कागद नळाखाली धुऊन उजेडात पाहावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही, वापरलेल्या चोथ्याला रंग देऊन विकलेला चहा मात्र डाग ठेवून जातो. दुसरी तपासणी लोहचुंबकाची. चहाच्या थरावरून तो फिरवल्यावर लोखंडाचा कीस असल्यास चिकटतो. कोरड्या चहावर थंड पाणी पडताच ते झपाट्याने लालभडक झाले तरीही शंका घ्यावी.

चहा वास फार लवकर ओढून घेतो. हिंगाच्या आणि गोड्या मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलेला चहा महिन्याभरात त्यांच्याच गोतावळ्यातला होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसच्या शेगडीपासून दूर, कोरड्या फडताळात ठेवावा. कोकणात पावसाळ्यात उघडा राहिलेला चहा दोन दिवसांत सादळतो, म्हणून त्या दिवसांत मोठ्या पाकिटातून थोडा थोडाच काढावा. डब्यावर कागद चिकटवून चहाचे नाव आणि उघडल्याची तारीख लिहावी.

स्वतःचे मिश्रण

वहीतले चार रकाने भरून झाले की आपल्या घराला काय हवे याचा अंदाज आलेला असतो, आणि तेव्हा दुकानदाराप्रमाणे आपणही मिश्रण करू शकतो. आरंभाला १०० ग्रॅमचे माप बरे: ६० ग्रॅम आसामचा दाणेदार, २५ ग्रॅम नीलगिरीची पत्ती, १५ ग्रॅम डस्ट. दाणेदार भरीवपणा देतो, नीलगिरी वास आणि डस्ट रंग. चहा फिका वाटला तर डस्ट ५ ग्रॅमने वाढवून दाणेदार तेवढा कमी करावा. कडवट वाटला तर आधी एक मिनिट कमी उकळून पाहावे, आणि मगच डस्टला हात लावावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा, नाहीतर आठवड्याने कोणता चहा कशामुळे आवडला होता हे कोणालाच आठवत नाही.

असे मिश्रण मोठ्या डब्यात महिन्याचे एकदम करून ठेवू नये. रोजच्या हलवाहलवीने बारीक डस्ट खाली बसते आणि पत्ती वर येते. मग महिन्याच्या सुरुवातीचा चहा वासाचा आणि शेवटचा कडक होतो, आणि आपण दुकानदाराने माल बदलला असे समजतो. आठवड्यापुरतेच मिसळावे, आणि चमचा घालण्याआधी डबा आडवा धरून दोनदा फिरवावा.